आडात किती, पोहऱ्यात किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहराचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले होते. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या एकदम घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. मराठवाडा म्हटले की दुष्काळच आठवणाऱ्यांना ही बातमी नवलाची वाटली. आपल्याकडे नावाला मान आहे, आणि नाव परवडते आहे हे दाखवण्याची हौसही आहे, एवढे त्यातून दिसले. त्यात वावगे काही नाही. गाडीच्या तोंडावरचा तारा पाहिला की ती कोणाची हे कळते, आणि ज्याचे नाव त्यानेच ती बनवलेली असते.

पण त्याच दर्जाच्या गाड्यांत आत बसलात, तर दारावरच्या स्पीकरच्या जाळीवर आणखी एक छोटासा धातूचा बिल्ला दिसतो. आज मला त्या दुसऱ्या बिल्ल्याविषयी बोलायचे आहे. महागड्या ध्वनियंत्रांची जाहिरात जे सांगते, ते कानाला खरोखर ऐकू येते का, हा आजचा प्रश्न.

सुरुवात आपल्या शेंद्र्यापासून करू. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि काही वर्षांनी तिथेच ऑडीच्या गाड्याही तयार होऊ लागल्या. स्कोडाच्या वरच्या मॉडेलांत कॅन्टन या जर्मन कंपनीच्या नावाची ध्वनियंत्रणा असते, तर ऑडीच्या वरच्या मॉडेलांत बँग अँड ओलुफसेन हे नाव दिसते. बँग अँड ओलुफसेन ही डेन्मार्कमधल्या स्ट्रुअर गावची, १९२५ मध्ये निघालेली कंपनी. देखण्या आणि महाग वस्तूंसाठी तिचे नाव जगभर आहे. पण २०१५ मध्ये या कंपनीने मोटारींच्या ध्वनियंत्रणांचा आपला व्यवसाय अमेरिकेच्या हार्मन कंपनीला विकला आणि मोटारींपुरते आपले नाव वापरण्याचा हक्कही तिला दिला. पुढे २०१७ मध्ये ही हार्मन कंपनीच कोरियाच्या सॅमसंगने घेतली. म्हणजे शेंद्र्यात जुळणी झालेल्या जर्मन नावाच्या गाडीत डॅनिश नावाचा बिल्ला, त्यामागे अमेरिकन कंपनी आणि तिची मालक कोरियन!

यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. हार्मनकडे उत्तम अभियंते आहेत, पुण्याजवळ चाकणला तिचा कारखानाही आहे. त्या गाडीतला आवाज चांगला असू शकेल. मुद्दा एवढाच, की बिल्ल्यावरचे नाव आणि आवाज घडवणारे हात दरवेळी एकाच घरचे नसतात. दुकानातही तेच. जेबीएल, हार्मन कार्डन, एकेजी, इन्फिनिटी ही वेगवेगळ्या फळ्यांवर मांडलेली आणि एकमेकांशी चुरस करताहेत असे वाटणारी नावे एकाच घरातली आहेत. २०२५ मध्ये बोवर्स अँड विल्किन्स, डेनॉन आणि मरांट्झ ही जुनी मानाची नावेही त्याच घराने विकत घेतली.

नावाआधी आपल्याकडे राज्य होते ते आकड्याचे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे म्युझिक सिस्टिम घ्यायला गेलेला माणूस गुलमंडीवर असो की औरंगपुऱ्यात, पहिला प्रश्न विचारायचा, "किती वॉटचा?" त्या काळात आपल्या पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना जोरात होता. या कंपनीने दणदणीत आवाजाचा 'बझूम्बा' नावाचा टीव्ही बाजारात आणला होता. चित्राइतकाच आवाजही विकला जाऊ लागल्याची ती खूण होती. त्याच सुमारास बाजारातल्या खोक्यांवर चार अक्षरे ठळक दिसू लागली : पीएमपीओ. ५०० वॉट पीएमपीओ, १००० वॉट पीएमपीओ. पुढे पुढे तर टेबलावर मावणाऱ्या डब्यांवर चार आकडी संख्या सर्रास आल्या.

पीएमपीओ म्हणजे काय? यंत्र एखाद्या क्षणापुरती जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल, याचा दावा. क्षण म्हणजे किती, त्या वेळी आवाज किती फाटलेला चालेल, मोजायचे कसे, यासाठी सर्वांनी मानलेली पद्धतच नाही. जो तो आपापल्या हिशेबाने आकडा छापणार. याउलट आरएमएस या नावाने ओळखला जाणारा आकडा यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते हे सांगतो. अमेरिकेत १९७४ मध्येच सरकारी नियम झाला, की घरगुती अॅम्प्लिफायरची शक्ती सांगायची तर ती सतत चालवून, ठरलेल्या पद्धतीने मोजूनच सांगायची. त्याआधी तिथेही फुगवलेल्या आकड्यांची अशीच शर्यत लागली होती.

हा फुगा फोडायला प्रयोगशाळा लागत नाही. आपली म्हण पुरेशी आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंत्राच्या पाठीमागे किंवा त्याच्या अॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की ते वीज किती घेते. समजा अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असे लिहिले आहे. दोन्हींचा गुणाकार करा. २४ वॉट आले. हा झाला आड. त्यातलीही काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. मग पुढच्या बाजूला हजार वॉटचा पोहरा आला कुठून? आत साठवलेली थोडी वीज डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर जास्त जोराने सोडता येते, हे खरे. पण गाणे त्या एका क्षणात संपत नाही, ते पाच मिनिटे चालते.

आणि समजा आकडा खरा असला, तरी तो आवाजाच्या दर्जाचा आकडा नव्हे. शक्ती दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो थोडासा मोठा वाटतो, दुप्पट नव्हे. दुप्पट मोठा वाटायला शक्ती जवळजवळ दहापट लागते. एका स्पीकरमधून जेवढ्या विजेत जेवढा आवाज निघतो, तेवढाच काढायला दुसऱ्या स्पीकरला चौपट वीज लागू शकते. घरातल्या खोलीत बेताच्या आवाजात गाणे ऐकताना स्पीकरला एखाद-दुसरा वॉटही पुरतो. बाकीची शक्ती तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका अचानक येतो, तेव्हा कामी येते. तेव्हा वॉट विचारणे म्हणजे गवयाची परीक्षा त्याच्या छातीच्या मापावरून घेण्यासारखे आहे.

आता पीएमपीओ मागे पडले, पण नवे आकडे आले. हेडफोनवर 'हाय-रेस' असे सोनेरी चिन्ह दिसते. जपानमधल्या ध्वनिविषयक संस्थेचे हे चिन्ह मिळवायला हेडफोन किंवा स्पीकरने सेकंदाला ४० हजार कंपनांपर्यंतचा आवाज काढावा लागतो. माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. साठीनंतर ही मर्यादा बरीच खाली येते. म्हणजे आजोबांना भेट दिलेला हेडफोन आजोबांना कधीच ऐकू न येणारी गोष्ट करतो, म्हणून महाग! चिन्ह खोटे नसते. पण आपल्याला काय ऐकू येईल, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

मग नावावर विसंबावे का? यासाठी एक हकीकत सांगतो. नोनी गोपाल बोस नावाचे बंगाली क्रांतिकारक इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेले. त्यांचे चिरंजीव अमर बोस. बॉस्टनजवळच्या एमआयटी या विख्यात संस्थेत शिकत असताना १९५६ मध्ये त्यांनी एक उंची स्टिरिओ घेतला. कागदावरचे तांत्रिक आकडे उत्तम होते, पण वाजवल्यावर खऱ्या वाद्यवृंदाचा आवाज काही त्यातून येईना. असे का, हे शोधण्यात त्यांनी पुढची वर्षे घालवली आणि १९६४ मध्ये बोस कंपनी काढली. म्हणजे आज जगातल्या सर्वांत परिचित ध्वनिनामांपैकी एक नाव, छापलेले आकडे आणि ऐकू येणारा आवाज यांतल्या तफावतीतूनच जन्माला आले.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. बोस यांनी १९६८ मध्ये '९०१' नावाचा स्पीकर आणला. त्यात नऊ छोटे स्पीकर होते, त्यांपैकी आठ मागे भिंतीकडे तोंड करून. अमेरिकेतल्या ग्राहक संघटनेच्या मासिकाने १९७० मध्ये त्याची चाचणी घेतली आणि लिहिले, की यातून एकेका वाद्याचा आवाज अवाढव्य वाटतो आणि खोलीभर भटकत राहतो. बोस कंपनी न्यायालयात गेली. आवाज खोलीभर भटकतो की फक्त दोन स्पीकरांमधल्या भिंतीलगत, यावर खटला चालला! खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली, वरच्या न्यायालयात हरली, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. चाचणी घेणाऱ्याने जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालय म्हणाले. एका वाक्यासाठी चौदा वर्षे गेली. मोठ्या नावाबद्दल कानाला वाटले ते उघडपणे सांगण्याची किंमत किती असते, हे त्यावरून कळते. आणि ते सांगणारा कोणी पाठीशी असावा, याची गरजही कळते.

तुम्ही म्हणाल, "आम्ही जाहिरात पाहून घेत नाही, दुकानात स्वतः ऐकून घेतो." चांगले आहे. पण ऐकणेही वाटते तितके सोपे नसते. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून दहा वर्षे अमेरिकेतल्या गावोगावच्या सभागृहांत एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे. अंधारात कधी गायिका गाते, कधी यंत्र गाते, ओळखा पाहू! अनेक श्रोते ओळखू शकत नसत. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला, त्यात ॲना केस ही गायिका होती. तिने पुष्कळ वर्षांनी सांगितले, की यंत्राशी जुळावा म्हणून ती आपला आवाज मुद्दाम आवरून गात असे. यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूसच यंत्रासारखा गात होता. प्रयोग जाहिरातदाराने मांडला की तराजूची दांडी त्याच्याकडे झुकते, ती अशी.

दुकानातही झुकते. कानाची एक खोड आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित जरी मोठ्याने वाजत असेल, तर ते मोठ्याने वाजते असे न वाटता ते चांगले वाजते असे वाटते. हळू आवाजात खर्जातले सूर कानाला कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरीव होतात. त्यामुळे विक्रेत्याने महागड्या यंत्राचे बटण थोडे पुढे फिरवले, की आपले मत तयार.

दुसरी खोड डोळ्यांची. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह या संशोधकाने हार्मन कंपनीतच एक चाचणी घेतली. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना वेगवेगळे स्पीकर ऐकवले. एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. दोन्ही वेळच्या गुणांत फरक पडला. डोळ्यांना दिसत असताना मोठ्या, महागड्या, आपल्या कंपनीच्या स्पीकरांना वरचे गुण मिळाले. पडदा लावल्यावर ते अंतर आटले. ही माणसे याच धंद्यातली होती, हे लक्षात घ्या. ज्या घरातून इतक्या नावांची जाहिरात निघते, त्याच घरातल्या संशोधकाने सांगितले, की नाव दिसत असताना कानावर विसंबू नका.

किमतीचे काय? २०१७ मध्ये येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. खर्जापासून तारसप्तकापर्यंतचे सूर हेडफोन किती समतोलपणे देतो, हे त्याने त्यांच्या किमतीशी ताडून पाहिले. दोहोंत काही संबंध निघाला नाही. सगळे हेडफोन सारखेच, असा याचा अर्थ नाही. चांगले-वाईट असतातच. पण महाग म्हणजे सुरेल आणि स्वस्त म्हणजे बेसूर, हा हिशेब चुकतो.

जास्त पैशांत मिळते तरी काय, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. मजबूत बांधणी मिळते, कानाला न टोचणारी गादी मिळते, बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय मिळते. काही कंपन्यांत दहा वर्षांनीही सुटा भाग मिळतो. देखणेपणा मिळतो, आणि चारचौघांत मिरवण्याचे समाधानही मिळते. यातले जे हवे त्याला पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण दिले कशाला, हे आपल्याला ठाऊक असावे. जाहिरात मात्र या सगळ्याला 'आवाज' हे एकच नाव देते.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, आपल्या ओळखीचा आवाज दुकानात घेऊन जा. विक्रेता जे गाणे लावतो ते यंत्राला शोभणारे म्हणून निवडलेले असते. तुम्ही शेकडो वेळा ऐकलेले एखादे भावगीत न्या. डग्ग्याची घुमक आणि तबल्याची चाट वेगवेगळी ऐकू येते का, तानपुरा गायकाच्या मागे राहतो की नाहीसा होतो, कीर्तनातले टाळ टाळासारखे वाजतात की पत्र्यासारखे, हे पाहा. त्याहून सोपी कसोटी म्हणजे माणसाचा बोलण्याचा आवाज. घरातल्या कोणाचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्या यंत्रावर ऐका. आईचा आवाज आईसारखा वाटला पाहिजे. तो विहिरीतून किंवा नाकातून आल्यासारखा वाटला, तर जाळीवर कोणाचाही बिल्ला असो.

दुसरी गोष्ट, दोन यंत्रे ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. मोबाइलमध्ये आवाज मोजणारे ॲप असते, एवढ्या कामाला ते पुरते. मग पाठ फिरवून उभे राहा आणि बरोबरच्या माणसाला यंत्रे अदलून बदलून लावायला सांगा. पाच-सहा वेळा केल्यावर आपण निवडलेले यंत्र दरवेळी तेच आहे का, ते पाहा. फरक ऐकूच येत नसेल, तर स्वस्तातले घ्या आणि उरलेल्या पैशांत आणखी काही करा.

तिसरी गोष्ट, जाहिरात सरळसरळ खोटी वाटली तर गप्प बसू नका. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि तीच चूक पुन्हा झाली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही जबाबदारी येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. महाराष्ट्रात तर ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. डाळ, तेल, साबण यांच्याबाबत या चळवळीने आपल्याला जागे केले. आता तीच जागरूकता कानात घालायच्या वस्तूंबाबतही हवी. आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथे मोजमापाची साधने आहेत, शिकणारी उत्साही मुले आहेत. दरवर्षी दिवाळीआधी त्यांनी बाजारातली दहा यंत्रे पडदा लावून लोकांना ऐकवावीत आणि निकाल जाहीर करावा. तो मुलांचा अभ्यासही होईल आणि गावाचे कामही.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पैसा हे एक कारण आहेच. वीस-पंचवीस हजारांचा साउंडबार आज पुष्कळ घरांत हप्त्यांवर येतो. वर्षभर हप्ते भरणाऱ्या घराला ती रक्कम लहान नसते. पण मला दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. दुकानात एखादा साधा माणूस म्हणतो, "मला तर हा स्वस्तातलाच बरा वाटतोय." विक्रेता किंचित हसतो आणि म्हणतो, "साहेब, त्याला कान तयार असावा लागतो." तो माणूस गप्प होतो आणि महाग ते घेऊन घरी जातो. त्या क्षणी त्याचे पैसे तर जातातच, शिवाय स्वतःच्या कानावरचा विश्वासही जातो. ज्याने जन्मभर भजन ऐकले, मृदंगाची थाप ऐकली, शेतातून कोण हाक मारतो हे नुसत्या आवाजावरून ओळखले, त्याचा कान तयार नाही असे ठरवणारा बिल्ला कोण?

आत्ता हे बोलणे तुम्ही कोणत्या यंत्रावर ऐकत आहात, मला माहीत नाही. कोणाकडे जुना ट्रान्झिस्टर असेल, कोणाकडे मोबाइल असेल, कोणी मोटारीत असेल. मध्यम लहरींवरून येणाऱ्या आवाजात वरच्या पट्टीतले बरेचसे सूर गळून पडतात, तरीही शब्द कळतो, आणि बोलणारा माणूस ओळखीचा असला तर तोही कळतो. कानाची ही ताकद यंत्राने दिलेली नाही, ती आपली आहे. खरेदीला जाताना पैशांच्या पाकिटाबरोबर तीही घेऊन जा.